गृहांगणातील कढीनिंब : संवर्धन आणि औषधी पत्राची शुद्धता

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी अरुचीच्या एका रुग्णास आम्ही ताकाबरोबर घेण्यासाठी कढीनिंबाच्या पानांचे चूर्ण लिहून दिले. दवाखान्यात गर्दी होती म्हणून चिठ्ठीवर ‘क. निंब पत्र चूर्ण’ एवढेच लिहिले. औषधालयातून रुग्णास कडुनिंबाचे चूर्ण मिळाले. ते इतके कडू लागले की दुसऱ्याच दिवशी रुग्णाने ते घेणे सोडले, आणि आठवड्यानंतर तक्रार घेऊन आला. औषधालयाचा यात काहीच दोष नव्हता. चूक आमच्याच लेखणीची होती. तेव्हापासून आम्ही दोन नियम पाळतो. चिठ्ठीवर ‘कढीपत्ता’ हे नाव पूर्ण लिहावयाचे, आणि दवाखान्याच्या दारात कढीनिंबाची एक कुंडी ठेवून रुग्णास झाड प्रत्यक्ष दाखवावयाचे. या कुंडीने आम्हास जे शिकविले ते वैद्यबंधु-भगिनींपुढे व औषधालय चालविणाऱ्या स्नेह्यांपुढे ठेवण्याचा येथे प्रयत्न आहे.

नाम व ओळख

कढीनिंब हा जंबीर कुलातील (रुटेसी) वृक्ष होय. त्याचे प्रचलित शास्त्रीय नाव मुराया कोनिगी असून अलीकडील वर्गीकरणात त्यास बर्गेरा कोनिगी म्हणतात. मराठीत कढीपत्ता, कढीनिंब, गोडनिंब ही नावे रूढ आहेत. कैडर्य, गिरिनिंब, सुरभिनिंब ही संस्कृत नावे त्यास लावली जातात. या पानांतील गिरिनिंबीन व महानिंबीन या कार्बाझोल वर्गातील अल्कलॉइडांना आपल्याच निघंटूंतील नावांवरून संज्ञा मिळाल्या आहेत, ही गोष्ट आनंदाची आहे.

परंतु ‘महानिंब’ या नावाशी वैद्याने सावध असावे. कैडर्याच्या पर्यायांत हे नाव येते, तसेच बकाण (मेलिया अझेडरॅक) या निराळ्या वृक्षासही ते लावले जाते. बकाणाची फळे विषारी आहेत. म्हणून केवळ संस्कृत पर्यायावर विसंबून द्रव्य मागवू नये. ओळखीसाठी पुढील लक्षणे पुरेशी आहेत.

कढीनिंब : एका देठावर साधारणतः ११ ते २५ पर्णिका, एकाआड एक, टोकास एक पर्णिका, चुरगळताच परिचित सुगंध.
कडुनिंब : पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या, तळाशी दोन बाजू असमान, चव अत्यंत कडू.
बकाण : पान एकदाच नव्हे, तर दोन-तीन वेळा विभागलेले.
कुंती (कामिनी) : कढीनिंबाची भगिनी, पर्णिका थोड्या, गोलसर व चकचकीत, कढीपत्त्याचा वास नाही. फुलांसाठी लावतात.

रोपवाटिकेतून रोप घेताना एक पान चुरगळून वास घ्यावा, हीच सर्वांत सोपी परीक्षा.

भूमिविचार आणि वसईची माती

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी वनस्पतीसाठी कोणती भूमी घ्यावी याचा विचार आहे. खड्डे, खडे, वारूळ, स्मशान यांनी दूषित झालेली, वालुकामय व क्षारयुक्त भूमी तेथे वर्ज्य सांगितली आहे. पाणी मात्र जवळ असावे असे म्हटले आहे. वसई-विरारच्या रहिवाशास हे वर्णन स्वतःच्या अंगणास लावून पाहण्यासारखे आहे. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्याकडे माती रेताड आहे आणि खारे वारे थेट येतात. पूर्वी येथील वाड्या विहिरी आणि बावखलांच्या गोड्या पाण्यावर पोसल्या गेल्या. केळी आणि पानवेली त्यांच्याच आधारे वाढल्या, आणि विहिरीजवळचे कढीनिंबाचे झाड त्यांतच सहज जगे. पुढे भूजलाचा उपसा वाढला, बावखले बुजविली गेली आणि किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ झाले. आज सूर्या, पेल्हार व उसगाव येथून येणाऱ्या नळाच्या पाण्यावर किंवा टँकरवर शहर चालते, आणि कढीनिंब वाडीतून गॅलरीतील कुंडीत आला आहे. त्याच्या संवर्धनाचे नियमही म्हणूनच बदलले आहेत.

लागवड

बीपासून रोप करावयाचे असल्यास पावसाळ्यात पिकलेली काळी फळे घ्यावीत, गर काढून बी धुवावे आणि दोन-चार दिवसांतच पेरावे. हे बी साठवणीस टिकत नाही; वाळवून ठेवलेले बी उगवत नाही, ही नवशिक्यांची नेहमीची फसगत आहे. मोठ्या झाडाच्या मुळांवरून फुटलेली पिले मुळासह काढून लावणे अधिक सोपे. कर्नाटकातील धारवाड कृषी विद्यापीठाचे डीडब्ल्यूडी-१ व डीडब्ल्यूडी-२ हे निवडक वाण आहेत.

प्रथम ८ ते १० इंच, आणि मुळे भरल्यावर १४ ते १६ इंच व्यासाची कुंडी घ्यावी. लाल माती दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग व जाड वाळू एक भाग असे मिश्रण करावे. तळाशी छिद्रे मोकळी ठेवून विटांचे तुकडे घालावेत. दिवसाकाठी निदान पाच-सहा तास ऊन मिळावे. समुद्राकडे तोंड असलेल्या गॅलरीत कुंडी भिंतीच्या आडोशास ठेवावी आणि वारे सुटल्यावर पानांवरील क्षार साध्या पाण्याने धुऊन टाकावा.

पाणी, खत व छाटणी

वरची माती बोटाचे एक पेर खोल कोरडी झाली की पाणी द्यावे, हा एकच नियम पुरेसा आहे. उन्हाळ्यात तो रोज लागू पडेल, हिवाळ्यात तीन-चार दिवसांआड. पावसाळ्यात बहुतेक दिवस पाण्याची गरजच नसते. आमच्या दारातील पहिले रोप दुसऱ्याच आषाढात गेले. कुंडीखालची थाळी आम्ही काढली नव्हती आणि मुळे कुजली. पाऊस सुरू होण्यापूर्वी थाळी काढावी, ही शिकवण आम्हास त्या रोपाने दिली.

दर दोन महिन्यांनी मूठ-दोन मूठ गांडूळखत किंवा कुजवलेली पेंड द्यावी. आंबट ताक घालण्याची रीत घरोघरी आहे. महिन्यातून एकदा, पाच-सहापट पाणी घालून पातळ केलेले ताक चालते. परंतु ते खताचा पर्याय नव्हे. जाड ताक वारंवार घातल्यास मातीवर बुरशी व माश्या येतात.

पाने पिवळी पडणे हे एक लक्षण आहे, व्याधी नव्हे. निदान निरनिराळे असते. जुनी खालची पाने पिवळी पडल्यास नत्राची उणीव समजावी. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्यास लोह शोषले जात नाही असे समजावे. पाणी अल्कधर्मी असल्यास असे होते. पानांची टोके करपल्यास खारे पाणी हे कारण असते. अशा वेळी कुंडीतून गोडे पाणी भरपूर वाहू द्यावे, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात. सर्वच पाने मलूल आणि माती ओली असेल, तर मुळे कुजत आहेत.

शेंडे खुडल्याने फांद्या फुटतात. पाने एकेक ओरबाडू नयेत. फांदीचा शेंडा कात्रीने काढावा. पानांसाठीच झाड ठेवले असेल, तर कळ्या दिसताच काढाव्यात.

कीड, पूर व विषशेष

लिंबू वर्गातील फुलपाखरांच्या अळ्या कोवळी पाने खातात. त्या हाताने वेचून काढणे पुरते. शेंड्याची पाने आकसून चिकट झाल्यास लिंबावरील सिट्रस सिला या किडीचा संशय घ्यावा व शेंडा छाटून नष्ट करावा. गरज पडल्यास एक लिटर पाण्यात ५ मिली निंबतेल व थोडे साबणपाणी मिसळून सायंकाळी फवारावे, आणि त्यानंतर निदान आठवडाभर पाने तोडू नयेत.

बाजारातील पानांविषयी येथे दोन शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमावलीत भारतातून जाणारा कढीपत्ता कीडनाशकांच्या अवशेषांसाठी वाढीव तपासणीच्या यादीत होता. भाजीत चार पाने पडतात तेथे हा प्रश्न लहान वाटेल. परंतु आपण तीच पाने वाटून, कच्ची, महिनाभर घेण्यास सांगतो. बाजारची पाने चिंचेच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून दोन-तीन वेळा धुवावीत. तथापि पानांच्या आत शोषले गेलेले द्रव्य धुण्याने जात नाही.

घरचे झाड म्हणजे आपोआप शुद्ध, असेही समजू नये. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारच्या अनेक वसाहती पाण्याखाली होत्या. अशा पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते. पुरात बुडालेल्या झाडाची पाने छाटून टाकावीत आणि नव्या पालवीचाच उपयोग करावा. रस्त्याच्या कडेची, गटारालगतची पाने औषधास घेऊ नयेत. सुश्रुतांच्या भूमिविचाराचा आजच्या शहरातील अर्थ हाच आहे.

पत्रसंग्रह व उपयोग

पूर्ण वाढलेली, डागरहित पाने सकाळी दव सुकल्यावर घ्यावीत. चूर्णासाठी सावलीत, हवेशीर जागी वाळवावीत. उन्हात सुगंधी तेल उडून जाते. वजन सुमारे एक तृतीयांश उरते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यातील दमट हवेत पाने वाळण्याऐवजी बुरसतात, म्हणून वर्षाचे चूर्ण कार्तिक ते फाल्गुन या काळात करून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे. सुगंध गेलेले चूर्ण औषधालयाने विकू नये.

दीपन-पाचन म्हणून अरुची व अग्निमांद्यात ताकातून हे पत्र आम्ही देतो. अवास्तव अपेक्षा मात्र रुग्णाच्या मनात रुजवू नयेत. पानांत चुना (कॅल्शियम) विपुल आहे हे खरे. परंतु दहा पर्णिकांचे वजन एक-दोन ग्रॅमच भरते, तेवढ्याने हाडांची गरज भागत नाही. मधुमेहावरील परिणाम मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहेत. मधुमेही रुग्णाने पानांच्या भरवशावर चालू औषध बंद करू नये, आणि दोन्ही एकत्र घेताना रक्तशर्करा तपासत राहावे, हे स्पष्ट सांगावे.

समारोप

द्रव्याची ओळख, भूमी, काळ व संग्रह यांची परीक्षा पूर्वी वैद्य स्वतः करीत. आज आपण पुष्कळ द्रव्ये पुडीतूनच पाहतो. कढीनिंब हे असे द्रव्य आहे की जे प्रत्येक दवाखान्याच्या व औषधालयाच्या दारात वाढू शकते. आमच्या दुसऱ्या रोपाने आता चार पावसाळे पाहिले आहेत. रुग्ण आत येताना एक पान चुरगळून वास घेतो, आणि चिठ्ठीवरील नाव त्यास पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. सभासदांनी येत्या वर्षाऋतूत एक रोप लावावे, आणि पाऊस सुरू होण्याआधी कुंडीखालची थाळी आठवणीने काढावी, एवढीच विनंती.