गुणांची पारख आणि गर्दीचा कौल

कृतीचे बरेवाईट ठरविण्याचा अधिकार अनेकांच्या हाती दिला म्हणजे न्याय आपोआप होतो, असे सामान्यतः मानले जाते. हे मत कितपत खरे, याची परीक्षा अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे संशोधक सॅल्गानिक, डॉड्स व वॉट्स यांनी केली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले.

अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी त्यांनी १४,३४१ श्रोत्यांपुढे ठेविली. श्रोत्यांनी गाणे ऐकावे, त्यास एक ते पाच तारे द्यावेत आणि आवडल्यास डाउनलोड करून घ्यावे. एका गटास इतरांची आवड मुळीच कळू दिली नाही. उरलेल्या आठ गटांना मात्र आपापल्या गटात कोणते गाणे किती जणांनी घेतले, हे दिसत असे.

परिणाम चिंतनीय आहे. स्वतंत्र गटात २६ वे ठरलेले एक गाणे एका गटात पहिले आले, तर दुसऱ्यात ४० वे! गाणे तेच; आरंभीच्या श्रोत्यांची निवड तेवढी निराळी. अत्युत्तम गाणी सहसा मागे पडली नाहीत, अगदी सुमार गाणी सहसा वर आली नाहीत. दैवाधीन झाली ती मधली.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी बहुतेक जण मधलेच असतो. म्हणून सहाध्यायाच्या निबंधास वा चित्रास गुण देताना शेजाऱ्याचा हात वर गेला की नाही, हे न पाहता आपले मत आधी कागदावर लिहावे. मोजणी मागाहून करावी. अन्यायास द्वेषच लागतो असे नाही. अनुकरणही पुरते, असे आम्हांस वाटते.