टेस्ट ट्यूब नसलेलं संशोधन

नीटचा निकाल लागला की बोरीवलीच्या सोसायट्यांत दोनच प्रकारची घरं उरतात. एका घरून पेढे येतात. दुसऱ्या घरातले आई-बाबा बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी, बायोटेक अशी यादी घेऊन समुपदेशकाकडे येतात. यादीच्या तळाशी ‘रिसर्च’ लिहिलेलं असतं, पुढे प्रश्नचिन्ह. विचारलं तर म्हणतात, "म्हणजे लॅबमध्येच ना? आणि त्यात पैसे कुठे मिळतात?"

लॅबबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मला दुसऱ्याच संशोधनाबद्दल सांगायचंय. रोग ओळखीचा आहे, औषध बाजारात आहे, सरकारी योजना आहे, दवाखानाही रिक्षाच्या अंतरावर आहे; तरी रुग्णाला योग्य उपचार वेळेवर मिळत नाहीत. नेमकं कुठे अडतं आणि काय बदललं की सुटतं, हे पुराव्यानिशी शोधणारी माणसं लागतात. या कामाला ‘हेल्थ सिस्टिम्स रिसर्च’ किंवा ‘इम्प्लिमेंटेशन रिसर्च’ म्हणतात आणि ते शिकण्यासाठी फेलोशिप मिळतात.

काम कसं चालतं ते आपल्याच शहरातून पाहू. मुंबई आणि पाटण्यातले खासगी डॉक्टर टीबीचा संशयित रुग्ण कसा हाताळतात, हे संशोधकांना पाहायचं होतं. डॉक्टरांना विचारलं असतं तर सगळ्यांनी पुस्तकातलं उत्तर दिलं असतं. म्हणून साध्या माणसांना तालीम देऊन ‘रुग्ण’ बनवलं. खोकला किती दिवसांचा, ताप कधी येतो, डॉक्टरांनी अमुक विचारलं तर काय सांगायचं, सगळं पाठ. हे ‘रुग्ण’ दवाखान्यांत गेले आणि बाहेर येऊन काय काय घडलं ते त्यांनी नोंदवलं. २०१८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुमारे ३५ टक्के भेटींतच रुग्णाला योग्य रीतीने हाताळलं गेलं होतं. एमबीबीएस आणि त्यावरच्या पदवीधरांची कामगिरी इतरांपेक्षा बरी होती. या अभ्यासात टेस्ट ट्यूब नव्हती. संहिता लिहिणं, नमुना निवडणं, संख्याशास्त्र, नीतिमत्तेच्या परवानग्या आणि भरपूर पायपीट, एवढं सगळं मात्र होतं.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात यश नाही. सायन हॉस्पिटलमधल्या नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९मध्ये ‘स्नेहा’ संस्था सुरू केली. नेपाळच्या खेड्यांत महिलांचे गट चालवल्याने नवजात बालकांचे मृत्यू घटल्याचं दिसलं होतं. तेच मुंबईच्या वस्त्यांत होईल का? ‘स्नेहा’ने लंडनच्या संशोधकांबरोबर ४८ वस्त्या घेतल्या. निम्म्यांत गट चालवले, निम्म्यांत नाही, आणि दोन्हींची तुलना केली. २०१२मध्ये छापलेला निष्कर्ष असा की बाळंतपणातली काळजी आणि बालमृत्यू यांत गटांमुळे सुधारणा दिसली नाही. एका पालकांनी यावर मला विचारलं होतं, "मग एवढी वर्षं फुकटच गेली की!" नाही गेली. खेड्यातला उपाय शहरात जसाच्या तसा चालेल हे गृहीत धरू नये, हे आता अंदाजाने नव्हे, पुराव्याने सांगता येतं. ज्याला असा निकाल पचवता येतो, त्यानेच या वाटेला यावं.

यशाचं उदाहरण मराठी वाचकाला माहीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून गडचिरोलीला आले. ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, त्यामागे हे काम आहे.

आता वाट. बारावीनंतर थेट फेलोशिप नसते, हे आधी सांगितलेलं बरं. एमबीबीएस, बीडीएस, नर्सिंग, फार्मसी, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य, यांतली कुठलीही पदवी चालते. संख्याशास्त्राच्या पोरांना इथे मोठी मागणी आहे आणि त्यांना ते कुणी सांगत नाही. एमबीबीएस, बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९पासून आहे. आवड खरी की हौस, ते त्यात कळतं. पुढे मास्टर्ससाठी दूर जायला नको. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था (टिस) आहे आणि तिथेच १९५६ साली सुरू झालेली आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यासाची संस्था, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. दादर-कुर्ला करत गोवंडी गाठायचं, एवढाच त्रास. परळच्या आयसीएमआर-एनआयआरआरसीएच या प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्थेचं ग्रामीण संशोधन केंद्र डहाणू तालुक्यात आहे, म्हणजे आपल्या डहाणू लोकलवरच.

मास्टर्सनंतर जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप. जानेवारी २०२३पासून त्याचे महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर) झालं की ४२,०००. घरभाडं भत्ता वेगळा. पीएचडी करताना घरून पैसे मागावे लागत नाहीत. त्यापुढची मोठी पायरी म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनची वेलकम संस्था यांनी २००८मध्ये उभारलेली इंडिया अलायन्स. तिच्या सार्वजनिक आरोग्याच्या फेलोशिपमध्ये स्वतःचा पगार आणि संशोधनाचा खर्च मिळतो, विषय आपला असतो. स्पर्धा मात्र कडक.

परदेशाबाबत थोडं थांबून बोलतो, कारण कर्जं इथेच होतात. अमेरिकेत असे संशोधक घडवणाऱ्या सरकारी प्रशिक्षण जागा बहुतेक तिथल्या नागरिकांसाठी किंवा ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतात. अर्ज भरण्याआधी पात्रतेची ओळ वाचा. तिथलं एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स पदवी) बहुधा पदरच्या पैशांनी करावं लागतं. पीएचडीला विद्यापीठाचा निधी मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपमध्ये सार्वजनिक आरोग्य हा विषय आहे, पण तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून भारतात परत यावं लागतं. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे फुलब्राइटवरच गेले होते. परतल्यावर १९७०मध्ये त्यांनी जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला.

उणी बाजूही ऐकून घ्या. सुरुवातीच्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पावरच्या, कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की नवा शोधायचा. शेजारचा इंजिनीअर तिशीत फ्लॅट बुक करेल तेव्हा तुमची मुलगी थिसिस लिहीत असेल. ते घरात कुणाला सोसणार नसेल, तर आधीच मोकळेपणाने बोला. संस्थेच्या नावापेक्षा गाइड कोण आहे ते पाहा. त्याचे आधीचे विद्यार्थी आज काय करतात, ते त्यांनाच विचारा.

आणि ‘एवढी फी भरा, फेलोशिप मिळवून देतो’ असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. फेलोशिपमध्ये पैसे संस्था विद्यार्थ्याला देते, विद्यार्थी कुणाला देत नाही.