सिंहस्थाची नोंदवही : घरचे दप्तर आणि सामायिक यादी

उज्जयिनीच्या रामघाटावर श्राद्धविधीसाठी आलेल्या यजमानाला तीर्थपुरोहित प्रथम गाव आणि आडनाव विचारतात. नंतर कापडात बांधलेल्या वह्या उलगडून त्याच्या आजा-पणजाची नोंद दाखवितात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या या पद्धतीची मर्यादाही सर्वांच्या परिचयाची आहे. ज्या पुरोहिताकडे त्या गावाची वही असेल, त्याच्याच घरी ती नोंद सापडावयाची. यजमानाला मात्र घाई नसते. घर सापडेपर्यंत तो थांबू शकतो. सिंहस्थाच्या गर्दीत आपली आई हरवलेल्या माणसाला असे थांबणे शक्य नसते.

उज्जैनचा मागील सिंहस्थ 22 एप्रिल ते 21 मे 2016 या काळात भरला होता. त्यात 5 मे रोजी वादळी पाऊस झाला, मंडप कोसळले आणि जीवितहानीही झाली. अशा प्रसंगी माणसांची ताटातूट होते आणि नेमक्या त्याच वेळी कागदी वह्या भिजतात. पुढील सिंहस्थ 2028 मध्ये आहे. त्याआधी 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरची प्रमुख स्नाने होतील. त्यामुळे हा विषय महाराष्ट्रातील ग्रामसेवक, शिक्षक व स्वयंसेवक यांनाही जवळचा आहे.

प्रयागच्या मेळ्यात 1946 पासून ‘भूले-भटके शिबिर’ चालत आले आहे. तेथे ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारण्याची पद्धत रूढ झाली व तिने असंख्य कुटुंबे पुन्हा एकत्र आणली. परंतु ध्वनिक्षेपकाचा आवाज पोहोचतो तेवढाच त्या पद्धतीचा आवाका. मंगळनाथाजवळच्या केंद्रात बसलेल्या वृद्धेची नोंद दत्त आखाड्याच्या केंद्रात त्याच क्षणी वाचता आली पाहिजे, हा खरा प्रश्न आहे.

अनेक कार्यालयांत आज नोंदी ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस ही प्रणाली वापरली जाते. ती 1992 मध्ये प्रथम बाजारात आली. एका संगणकावरील कामाला ती उत्तम आहे. अडचण येते ती दुसरे केंद्र सुरू झाल्यावर. तेव्हा फाइलची प्रत दुसऱ्या केंद्राला दिली जाते आणि सायंकाळपर्यंत दोन्ही प्रती वेगळ्या होतात. यावर तोडगा म्हणून काही जण ती फाइल इंटरनेटवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात. हा तोडगा मूळ दुखण्यापेक्षा वाईट होय. फोल्डर संपूर्ण फाइलचीच अदलाबदल करतो; आतील एकेक नोंद त्याला ओळखता येत नाही. दोघांनी एकाच वेळी काम केले, तर एकाची दिवसभराची मेहनत वाया जाते किंवा फाइलच बिघडते.

योग्य मार्ग असा की, नोंदीचा अर्ज, शोध आणि छापील पावती ही कामे आपापल्या संगणकावरील ॲक्सेसमध्ये ठेवावीत, आणि तक्ते मात्र इंटरनेटवरील शेअरपॉइंटच्या यादीत न्यावेत. उज्जयिनीला ही कल्पना नवी वाटू नये. प्राचीन भारतीय ज्योतिषात मध्यरेखा उज्जयिनीवरून जाते असे मानीत. गावोगावचे गणिती आपापल्या घरी पंचांग मांडीत आणि देशांतराचा संस्कार करून त्या एकाच रेषेशी मेळ घालीत. गणित घरोघरी होई, आधार मात्र एक असे.

कृती फार अवघड नाही. मूळ फाइलची एक प्रत वेगळी जपून ठेवावी. ॲक्सेसमध्ये ‘डेटाबेस टूल्स’ या विभागात ‘शेअरपॉइंट’ असे बटण आहे. ते दाबून संकेतस्थळाचा पत्ता दिला, की तक्ते यादीत जातात आणि त्यांच्या जागी यादीशी जोडलेले दुवे उरतात. काही गोष्टी नेता आल्या नाहीत, तर त्यांची नोंद ॲक्सेस एका स्वतंत्र तक्त्यात करून ठेवते. तो तक्ता न वाचता बंद करण्याची सवय पुढे महागात पडते.

येथे एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. शेअरपॉइंट प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक देते. जुना क्रमांक निराळ्या रकान्यात जातो. मुलाच्या सदऱ्याला लावलेल्या चिठ्ठीवर जुना क्रमांक आणि पडद्यावर नवा क्रमांक असेल, तर गोंधळ अटळ आहे. म्हणून ‘पावती क्रमांक’ असा स्वतंत्र रकाना आरंभीच करावा, त्यात केंद्राचे अक्षरही असावे, आणि प्रणालीचा क्रमांक लोकांपुढे आणूच नये.

वेळेच्या रकान्याचेही असेच आहे. यादी वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठविते आणि संकेतस्थळाला जो प्रदेश नेमून दिला असेल त्याप्रमाणे दाखविते. पुष्कळदा तो प्रदेश अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून गेलेला असतो. मग सकाळी दहा वाजता सापडलेले मूल आदल्या रात्री सापडले असे पडद्यावर दिसते. एके काळी जेथून काळ मोजला जाई, त्या नगरीत असे व्हावे हे विपरीतच. पहिल्याच दिवशी भारतीय प्रमाणवेळ निवडावी.

यंत्रापेक्षा मोठी अडचण भाषेची आहे. परभणीकडील बाई आपले आडनाव ‘काळे’ सांगते; हिंदी भाषक कर्मचारी ‘काले’ लिहितो. मुलगा दुसऱ्या केंद्रात ‘काळे’ शोधतो आणि यादी ‘नोंद नाही’ असे उत्तर देते. बाई मात्र दोन मैलांवर बसलेली असते. गावांच्या नावांचीही हीच गत. धुळ्याला हिंदीत अनेकदा धुलिया लिहिले जाते. यासाठी गाव हाताने लिहू देऊ नये. राज्य, जिल्हा, तालुका व गाव यांची वेगळी यादी जोडून त्यातून निवडावयास लावावे. केंद्र शासनाच्या स्थानिक स्वराज्य निर्देशिकेत प्रत्येक गावाला संकेतांक दिलेला आहे, तो येथे उपयोगी पडतो. शोध केवळ नावावर न ठेवता अंदाजे वय, वस्त्राचा रंग, बोलीभाषा आणि तालुका यांवरही घेता यावा. लहान मुले आणि विस्मरण झालेले वृद्ध यांना नाव सांगता येतेच असे नाही.

टंकाची बाबही महत्त्वाची आहे. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या टंकांत लिहिलेली अक्षरे पडद्यावर देवनागरी दिसतात. आत मात्र ती रोमन अक्षरेच असतात. तशी यादी दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडली की निरर्थक अक्षरांचा गुंता दिसतो. जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय त्या सामायिक करण्यात अर्थ नाही.

घाटावर इंटरनेट अधूनमधून जाणार हे गृहीत धरावे. जोडणी तुटली तरी ॲक्सेसजवळ शेवटी आणलेल्या नोंदींची प्रत राहते. नव्या नोंदी तीत साठवून जोडणी परत आल्यावर यादीत पाठविता येतात. त्या अवधीत दोघांनी एकच नोंद बदलली असेल, तर ॲक्सेस विरोध दाखविते आणि आपला बदल ठेवावयाचा की सोडावयाचा, हे विचारते. ‘नातेवाइकांकडे सुपूर्द’ ही नोंद अशा वेळी चुकून पुसली जाणे परवडणारे नाही. म्हणून सुपूर्द करण्याची नोंद वेगळ्या तक्त्यात नवी ओळ म्हणून करावी. जुनी ओळ बदलूच नये.

यादीत कोट्यवधी नोंदी मावतात, परंतु एका वेळी 5,000 पेक्षा अधिक ओळी चाळण्यास शेअरपॉइंट नकार देते. म्हणून तारीख, तालुका आणि पावती क्रमांक या रकान्यांची अनुक्रमणिका यादी लहान असतानाच करून ठेवावी. स्वयंसेवकांना ॲक्सेसची गरज नाही. ते मोबाइलवरून त्याच यादीत नोंद करू शकतात.

मात्र ही सोय दुधारी आहे. ॲक्सेसच्या अर्जावर एखादा रकाना लपविला, तरी ज्याला यादीची परवानगी आहे तो तो रकाना थेट पाहू शकतो. एकट्या मुलीचे नाव, छायाचित्र आणि ती बसली आहे त्या केंद्राचा पत्ता ही माहिती कोणी पाहावी, हे यादीच्या परवानगीतच ठरवावे लागते. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने लहान मुलांच्या माहितीबाबत अधिक काळजी सांगितली आहे. ज्याला केवळ शोध घ्यावयाचा आहे, त्याला नाव व तालुका एवढेच असलेली वेगळी यादी द्यावी.

या सर्वाची तालीम पाहण्यास 2028 ची वाट पाहण्याचे कारण नाही. महाकाळाची सवारी श्रावण-भाद्रपदात सोमवारी निघते आणि त्या दिवशी शहरात मोठी गर्दी लोटते. दोन केंद्रे, तीन संगणक आणि एक यादी एवढ्यावर त्या सोमवारी चाचणी घेता येईल. दिनांकाच्या रकान्यात तेवढी तिथी लिहू नये. उत्तरेकडील श्रावण मराठी श्रावणापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो, आणि कोणत्या श्रावणातला सोमवार हा वाद यंत्राला सोडविता येत नाही.