चंद्र, दत्तगुरूंचा भाऊ

दत्तजयंतीला सायंकाळी जन्माचे कीर्तन रंगात येते, त्याच सुमारास पूर्वेला पूर्णचंद्र वर येतो. त्याची संस्कृतातली नावे पाहा, बहुतेक नावे म्हणजे वर्णनच. अंगावर ससा दिसतो म्हणून शशांक, कुणाला हरीण दिसले म्हणून मृगांक. किरण थंड म्हणून हिमांशु, वनस्पतींचा पोषक म्हणून ओषधीश. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातेदार एकच, नावं अनेक.

पण दत्तभक्तांनी लक्षात ठेवावं असं नाव वेगळंच आहे : अत्रिज, किंवा अत्रिनेत्रज. अत्रिऋषींच्या नेत्रातून निघालेले तेज तो चंद्र, अशी एक कथा. भागवतात तो अनसूयेच्या पोटी ब्रह्मदेवाच्या अंशाने झाला. विष्णूच्या अंशाने दत्त, शिवाच्या अंशाने दुर्वास. दत्तात्रेयातल्या 'आत्रेय'चा जो अर्थ, तोच अत्रिजचा : अत्रींचा मुलगा. समुद्रातून निघाला म्हणून त्याला अब्जही म्हणतात. दोन्ही कथा सुखाने नांदतात, आपण कशाला भांडा?

महिन्याचे नावही आकाशातलेच. पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाच्या, म्हणजे हरणाच्या डोक्याच्या आसपास, म्हणून मार्गशीर्ष.

आणि वडील? ते सप्तर्षीत आहेत. चौकोनाला शेपूट जोडते तिथला तारा अत्रि. सातांत सर्वांत मंद तोच. जयंतीच्या पहाटे लेकाच्या चांदण्यात बाप पुसट होतो. तेव्हा दोन आठवडे थांबा, अमावास्येच्या सुमारास पहाटे साडेचारला उत्तरेकडे बघा. आपल्या उधव्याच्या बाजूला अजून अंधार बरा असतो.