उसाच्या घरची परसबाग : माघात बी, चैत्रात भाजी



संक्रांत होऊन गेली. गळीत हंगाम भरात आहे. कुणाची तोड चालू आहे, कुणी तोडीच्या चिठ्ठीची वाट पाहत आहे, तर कुणाची सुरू उसाची लागण उरकत आली आहे. अशा गडबडीत भाजीपाल्याचा विषय काढला तर तुम्ही म्हणाल, साहेबांना दुसरे काम नाही काय? पण परसबागेची वेळ हीच आहे, म्हणून या अंकात उसाचे बोलणे थोडे बाजूला ठेवतो.

गटात फिरताना आम्ही नेहमी पाहतो. चार-पाच एकर बागायत, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर. आणि आठवडे बाजाराच्या दिवशी घरची बाई पिशव्या घेऊन निघालेली. बाजारातून आणलेली मेथी तिसऱ्या दिवशी पिवळी पडते. मग पुढचा बाजार येईपर्यंत पिठलं, डाळ नाहीतर बटाटा. भोगीच्या भाजीची वांगी आणि घेवडासुद्धा विकतचाच. मोठ्या माणसाच्या पोटात रोज निदान ३०० ग्रॅम भाजी जावी असे आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज दीड किलो, आठवड्याला दहा किलोच्या वर. आपल्या घरात तेवढी येते का, आणि येत असेल तर तिला किती पैसे जातात, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. उसाचे बिल हप्त्याने येते, पोट मात्र रोज मागते.

वेळ का साधायची?

भेंडी, गवार आणि वेलभाज्यांच्या बियांना जमिनीत ऊब लागते. कडाक्याच्या थंडीत बी टाकले तर ते उगवत नाही, कुजते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून रात्रीचा गारवा ओसरू लागतो. तेव्हा पेरलेली भेंडी ४५ ते ५० दिवसांत तोडायला येते. मात्र हेच काम मार्चअखेरपर्यंत लांबवले, तर फुले ऐन उन्हाच्या तडाख्यात सापडतात. भेंडीची फुले गळतात, वेलांना नर फुलेच जास्त येतात आणि फळ धरत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी काकडी, दोडका, कारली यांचे बी आताच छोट्या पिशव्यांत माती व शेणखत भरून लावावे आणि पिशव्या उबेला भिंतीच्या आडोशाला ठेवाव्यात. रोपाला दोन-तीन पाने आली की मातीच्या गड्ड्यासह जागेवर लावावे.

जागा आणि वाफे

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आपल्याला अर्धा गुंठा, म्हणजे साधारण २० बाय २७ फूट जागा पुरे. ती घराजवळ, स्वयंपाकघराच्या दारातून दिसेल अशी असावी. मळ्याच्या टोकाला केलेली परसबाग पहिल्या पंधरवड्यातच विसरली जाते. दिवसाचे सहा-सात तास ऊन हवे. कोंबड्या-शेळ्यांपासून राखण म्हणून तुराट्यांचे किंवा पऱ्हाट्यांचे कुंपण घाला. तेच पुढे वेलांना आधार होते.

वाफा तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब करावा. म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. एका वाफ्याला दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. प्रेसमड वापरायचा असेल तर कुजवून तयार केलेले कंपोस्टच घ्यावे. ताजा प्रेसमड कुजताना तापतो आणि कोवळी मुळे भाजून काढतो. कालव्याखाली ज्यांच्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत, त्यांनी माती बाहेरून आणून वाफे वीतभर उंच करावेत.

काय लावावे?

एक वाफा पालेभाज्यांचा. मेथी, पालक, कोथिंबीर एकदम पेरू नका. वाफ्याचे चार भाग करून दर आठ-दहा दिवसांनी एक भाग पेरा. नाहीतर सगळी मेथी एकाच आठवड्यात येते आणि शेजाऱ्यांना वाटावी लागते. वाटायला हरकत नाही, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा बाजार आहेच! धने पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन भाग करावेत. मार्चनंतर ऊन वाढले की मेथीऐवजी राजगिरा, तांदुळजा आणि अंबाडीकडे वळा.

दोन वाफे भेंडी व गवारीचे. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून, ओळीत एक फूट आणि झाडांत वीतभर अंतर ठेवून टोकावे. परभणी क्रांती ही भेंडी आणि पुसा नवबहार ही गवार घरच्या वापराला चांगल्या आहेत. भेंडी एक दिवसाआड तोडलीच पाहिजे. झाडावर जून होऊ दिली तर नवी फुले कमी येतात.

एक वाफा वांगी, मिरची, टोमॅटोचा. यांची रोपे तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून या वेळी रोपवाटिकेतून आणलेली बरी. प्रत्येकी आठ-दहा रोपे पुरतात. लावणी संध्याकाळी करावी.

कुंपणाच्या कडेने वेल. दीड फुटाचे खड्डे घेऊन प्रत्येकात तीन-तीन बिया लावा आणि जोमदार वेल ठेवून बाकीचे काढा. दोडक्याचे दोन, कारल्याचे दोन, काकडीचे तीन आणि दुधीचा एक वेल घराला भरपूर होतो. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ. साबण-सोड्याचे पाणी मात्र पालेभाजीला सोडू नका.

उसाच्या सवयी परसबागेत नकोत

आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक परसबागा पाण्यावाचून मेल्या नाहीत. त्या उसाच्या सवयींनी मेल्या. म्हणून हा भाग नीट वाचा.

पहिली सवय पाण्याची. पाट फोडला, वाफा तुडुंब भरला, की आपल्याला समाधान वाटते. भाजीची मुळे उथळ असतात; चिखलात ती गुदमरतात, वांगी-मिरची मर लागून बसतात. थोडे पाणी द्या, पण वेळेवर द्या. फेब्रुवारीत चार-पाच दिवसांनी, एप्रिल-मेत दोन दिवसांनी. शेतातले पाचट जाळू नका. बारीक करून वाफ्यावर तीन बोटे जाड पसरा. ओल टिकते, तण दबते. खोडाशी मात्र चार बोटे जागा मोकळी ठेवा.

दुसरी सवय युरियाची. मूठभर युरिया फेकला की भेंडी हिरवीगार दिसते, पण ती पानांची होते, फळांची नाही. शिवाय मावा-तुडतुडे त्या लुसलुशीत पाल्यावर धावून येतात. परसबागेला शेणखत आणि कंपोस्टवरच ठेवा.

तिसरी सवय सर्वांत घातक, आणि तिच्यात आमचीही चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर लागणीच्या उसात रुंद पानांचे तण फार होते. आम्ही टू-फोर-डी फवारायला सांगितले. प्रमाण सांगितले, वेळ सांगितली, पण पंपाचे सांगायचे राहून गेले. सभासदाने फवारणी केली, पंप पाण्याने विसळला आणि ओसरीत ठेवला. आठवड्याने त्याच्या घरच्या वहिनींनी त्याच पंपाने टोमॅटो-वांग्यांवर निंबोळी अर्क मारला. चार-पाच दिवसांत शेंडे पिळवटले, पाने बोटांसारखी चिंचोळी झाली. त्यांना वाटले, बोकड्या रोग आला. आम्ही पाहिले आणि ओळखले. वहिनी म्हणाल्या, "साहेब, उसातलं तण गेलं ते बरंच झालं. पण पोरांच्या ताटातलं गेलं की!" आम्ही खाली मान घालून चहा घेतला.

तेव्हापासून प्रत्येक वस्तीवर आम्ही हे सांगतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्याला लाल रंगाचा पट्टा ओढा आणि तो परसबागेकडे फिरकू देऊ नका. पंप नुसता विसळून भागत नाही. टोमॅटो, वांगी, भेंडी आणि वेलभाज्यांना टू-फोर-डीचा अंशही सोसत नाही. वारा घराकडे वाहत असेल तर शेजारच्या उसातही त्या दिवशी फवारणी नको. तसेच ज्या पट्ट्यात या हंगामात ॲट्राझीन मारले आहे, तेथे भाजी लावू नका; ते जमिनीत कित्येक महिने राहते. हुमणी-खोडकिडीसाठी आणलेले दाणेदार औषध परसबागेत चिमूटभरही टाकायचे नाही. फोरेटच्या वापरावर तर डिसेंबर २०२० अखेरपासून बंदी आहे. जुनी पिशवी कोठीत असेल तर मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

कीड आणि बियाणे

किडीसाठी घरचा उपाय पुरतो. ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, थोडा साबणाचा चुरा मिसळा आणि संध्याकाळी फवारा. सकाळी फवारू नका. त्या वेळी मधमाश्या वेलांच्या फुलांवर असतात, आणि त्या आल्या तरच फळ धरते. फळमाशीने डंख मारलेली कारली-दोडकी उकिरड्यावर न टाकता खोल पुरा. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर ते झाड उपटून टाका. हा रोग पांढरी माशी पसरवते. झाडाची दया केली तर सगळा वाफा जातो.

प्रत्येक भाजीचे एक चांगले झाड बियाण्याला राखा. संकरित वाणाचे बी धरू नका. गावरान किंवा सुधारित सरळ वाणाचे धरा. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपण्याचेच काम केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मडक्यात राखेत ठेवलेल्या बियांची किंमत आपल्या आज्यांना ठाऊक होती. मधल्या काळात आपणच ती विसरलो.

शेवटी पुरुष मंडळींना एक विनंती. परसबाग ही बायकांची हौस समजून त्यांच्यावर सोडून देऊ नका. खणणे, कुंपण आणि पाण्याची सोय ही कामे तुमची. तोडीची चिठ्ठी येईपर्यंत दोन सकाळी मोकळ्या मिळतात, तेवढ्यात वाफे होतात.

अर्ध्या गुंठ्याने बाजार बंद होणार नाही. कांदा-बटाटा आणावाच लागेल. पण पिशवी हलकी होईल आणि ताटात ताजी भाजी पडेल. अर्धा गुंठा ऊस कमी झाल्याने कारखान्याचे गाळप अडत नाही, हे आम्ही ऊस विकास अधिकारी असूनच सांगतो.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग