कंपवातातील वाकलेले धड : औषध वाढवावे की तपासावे?

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, काही रुग्णांचे धड उभे राहताच कमरेतून पुढे झुकते, चालताना अधिकच झुकते आणि अंथरुणावर आडवे होताच सरळ होते. यास कॅम्प्टोकॉर्मिया म्हणतात. धड एका बाजूस १० अंशांहून अधिक कलल्यास तो पिसा सिंड्रोम. हे नाव अर्थातच इटलीतील कलत्या मनोऱ्यावरून पडले. नातेवाईक याला वार्धक्याचे पोक समजतात व कमरपट्टा आणतात. मणक्याचा कायमचा बाक मात्र आडवे झाल्यावरही राहतो, हा ढोबळ फरक ध्यानात ठेवावा.

हातापायांचा ताठरपणा व मंदपणा यांवर लेव्होडोपा गुणकारी आहे. धडाच्या बाकावर त्याचा प्रभाव बहुधा मर्यादितच असतो. मात्रा व वेळा नीट बसविल्यावर काहींना आराम पडतो, म्हणून तज्ज्ञ प्रथम तेच पाहतात. परंतु केवळ पाठ सरळ व्हावी म्हणून मात्रा वाढवीत गेल्यास भास होणे, अंग आपोआप हलणे असे त्रास उद्भवू शकतात.

याहून महत्त्वाची बाब निराळीच आहे. १९७२ साली स्वीडनमधील एक्बोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसा सिंड्रोमचे प्रथम वर्णन केले, ते मनोविकारावरील औषधे घेणाऱ्या रुग्णांत! स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल, क्वचित कंपवातावरील प्रामिपेक्सॉलसारखी औषधेही धड कलण्यास कारणीभूत ठरतात. उलटी, पित्त वा चक्कर यांसाठी सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड, लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन ही औषधे कंपवाताची लक्षणे वाढवितात. कारण वेळीच ओळखून असे औषध बदलल्यास धड पुष्कळदा सरळ होते. विलंब झाल्यास बाक कायम राहू शकतो. निवडक रुग्णांना बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो, पण सर्वांना सारखा लाभ होत नाही. व्यायामोपचार सोबत हवेतच.

हिशेबाच्या वहीत वाढविलेल्या औषधाची नोंद होते, कमी केलेल्या औषधाची होत नाही. त्या निर्णयासाठी तज्ज्ञाने रुग्णापाशी घालविलेला अर्धा तास देणगीदारांच्या साहाय्यावरच चालतो, हे विश्वस्तांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

नातेवाइकांस विनंती की, कोणतेही औषध स्वतः बंद करू नये. कंपवाताची औषधे एकाएकी थांबविल्यास तीव्र ताप व ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते. तपासणीस येताना अन्य डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांसह सर्व पाकिटे पिशवीत घालून आणावीत, तसेच रुग्ण उभा असताना समोरून व बाजूने काढलेली छायाचित्रे आणावीत.