मालवाहू पिकअपची ओढ आणि जादा शक्तीचा डबा

कुरुंदवाड हे कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेले शिरोळ तालुक्यातील जुने शहर होय. या परिसरातील काळ्या कसदार जमिनीत ऊस हे मुख्य पीक असले, तरी अनेक कुटुंबांचा रोजचा खर्च भाजीपाला व दूध यांवरच चालतो. एकेकाळी बैलगाडीतून बाजारास जाणारा हा माल आज डिझेलवर चालणाऱ्या लहान मालवाहू पिकअपमधून जातो. पहाटे भरलेली गाडी जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली अथवा कोल्हापूरच्या बाजारात वेळेवर पोचली, तरच मालास भाव मिळतो. काही गाड्या घाट उतरून कोकणात जातात व परतताना तिकडचा माल घेऊन घाट चढतात. अशा गाडीची ओढ कमी झाली, म्हणजे मालकाचा जीव टांगणीस लागणे स्वाभाविक आहे.

या अडचणीवर एक सोपा उपाय म्हणून अलीकडे एक लहानसा डबा विकला जातो. त्यास कोणी पॉवर बॉक्स म्हणतात, कोणी चिप म्हणतात, तर कोणी ट्यूनिंग बॉक्स म्हणतात. हा डबा इंजिनाच्या तारांमध्ये जोडला की शक्ती वाढते व डिझेलही वाचते, असे विक्रेते सांगतात. या सांगण्यात खरे किती व खोटे किती, आणि शेतकऱ्याने आपला पैसा त्यात घालावा की नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इंजिनात काय घडते

डिझेल इंजिनात प्रथम केवळ हवा दाबली जाते. दाबामुळे ती अत्यंत तप्त होते व तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडताच ते पेट घेते. एक किलो डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. परंतु फवारा व हवा यांचे मिश्रण होण्यास मिळणारा वेळ अत्यल्प असल्यामुळे प्रत्यक्षात हवा त्याहून पुष्कळ अधिक असावी लागते. हवा अपुरी पडली की काजळी तयार होते व ती काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. नदीकाठी पाणी उपसण्यासाठी तेलइंजिने चालविलेल्या वडीलधाऱ्या मंडळींस हे नवीन नाही. धूर काळा पडला, म्हणजे इंजिनावर भार अधिक झाला, हे ते दुरूनच ओळखीत.

आजच्या पिकअपमध्ये पंप डिझेलचा दाब वाढवून ते एका समाईक नळीत साठवितो. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजार ते दीड हजार पटींपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहूनही अधिक असतो. नळीवर दाब मोजणारा संवेदक, म्हणजे सेन्सर, बसविलेला असतो. तो मोजलेला दाब इंजिनाच्या नियंत्रक संगणकास कळवितो. हा संगणक इंजिनाच्या फेऱ्या, हवेचे मान, पाण्याचे तापमान व पायाखालील दाबपट्टी यांचा मेळ घालून प्रत्येक फवारा किती वेळ सोडावयाचा हे ठरवितो.

डबा काय करतो

सामान्य डबा दाबाचा संवेदक व संगणक यांच्यामध्ये बसविला जातो. तो शक्ती निर्माण करीत नाही. संगणकास चुकीची बातमी देणे एवढेच त्याचे काम असते. उदाहरणार्थ, नळीतील दाब खरोखर १,००० असता डबा संगणकास तो ९०० आहे असे सांगतो. संगणकास १,००० हवे असल्यामुळे तो पंपाकडून दाब वाढवून घेतो. डब्यामार्फत कळणारा आकडा १,००० होईपर्यंत खरा दाब १,१०० च्या वर गेलेला असतो. दाब असा सुमारे ११ टक्के वाढला, तर तेवढ्याच वेळात सुमारे ५ टक्के अधिक डिझेल फवारले जाते. हीच ती जादा शक्ती.

यातून दोन गोष्टी उद्भवतात. पहिली अशी की, दाब मर्यादेबाहेर गेल्यास इंजिनाचे रक्षण करणारा संगणकच फसविला जातो. शेताच्या राखणदारास चुकीच्या दिशेस पाहावयास लावावे, तसा हा प्रकार होय. दुसरी गोष्ट मायलेजविषयीची. ज्या गाड्यांत मायलेजचा आकडा समोरच्या फलकावर दिसतो, तेथे तो आकडा संगणकाने योजलेल्या फवाऱ्यावरून काढलेला असतो. संगणकास दाब कमी कळत असल्यामुळे खर्च झालेले सर्व डिझेल त्याच्या हिशेबात येत नाही. म्हणून डबा बसविल्यावर फलकावर दिसणाऱ्या बचतीवर विश्वास ठेवू नये. टाकी काठोकाठ भरावी, नेहमीच्या भाराने किमान ५०० किलोमीटर गाडी चालवावी व पुन्हा टाकी काठोकाठ भरून लागलेले डिझेल मोजावे. हेच खरे मोजमाप होय.

दुसऱ्या पद्धतीत डबा न लावता संगणकातील आकडेच बदलले जातात. त्यास रीमॅप म्हणतात. यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरवर मिस्त्रीकडून सील तोडून ‘पंप वाढवून’ घेण्याचा जुना प्रकारही याच जातीचा आहे. साधन निराळे, परंतु तत्त्व एकच: हवा तेवढीच व डिझेल अधिक.

राखीव शक्ती कशासाठी असते

इंजिन थोडी अधिक शक्ती देऊ शकते, ही गोष्ट खरी आहे. एकच इंजिन निरनिराळ्या गाड्यांत निरनिराळ्या शक्तीवर बसविल्याची उदाहरणे आहेत. परंतु तसे करताना कारखाना टर्बो, हवा थंड करणारा इंटरकूलर, क्लच व गिअरपेटी यांचाही त्या मानाने विचार करतो. गाडीत ठेवलेली राखीव शक्ती ही चैत्र-वैशाखातील ऊन, भरलेला माल व लांब चढ हे तिन्ही एकत्र आले असता इंजिन टिकावे, यासाठी असते. पेवातील बियाणे खाऊन टाकले, तर त्या दिवशी पोट भरते. परंतु पेरणीच्या वेळी हात रिकामे राहतात.

अतिरिक्त डिझेल जळल्याने बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान वाढते. त्याचा पहिला मार टर्बोवर, झडपांवर व पिस्टनच्या माथ्यावर बसतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात व शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, हे ध्यानात घेतले म्हणजे धोक्याची कल्पना येईल. काजळी इंजिन ऑइलमध्ये उतरून ते दाट होते व झीज वाढते. जादा ओढीने क्लच घसरू लागतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर असतो. तो लवकर भरू लागतो व तो स्वच्छ करण्यासाठी गाडीस वारंवार अधिक डिझेल जाळावे लागते.

घाटाचा हिशेब

जादा शक्तीची गरज खरोखर आहे काय, हे आकड्यांनी पाहू. मालासह गाडीचे एकूण वजन ३ टन आहे, चढ १५ फुटांस १ फूट आहे व वेग ताशी ३० किलोमीटर आहे, असे समजू. या वेगास वाऱ्याचा विरोध अल्प असल्यामुळे तो सोडून दिला, तर चढाचा ओढा व टायरांचे घर्षण मिळून चाकांशी सुमारे २७ अश्वशक्ती लागते. या वर्गातील पिकअपचे इंजिन पूर्ण फेऱ्यांवर ७५ अश्वशक्तीच्या आसपास असते. म्हणजे योग्य गिअरात चालविल्यास सुस्थितीतील गाडी हा चढ सहज चढेल.

आता याच गाडीत एक टन माल अधिक भरला, तर त्याच चढास, त्याच वेगाने सुमारे ३६ अश्वशक्ती लागेल. म्हणजे एका जादा टनाने ९ अश्वशक्ती खाल्ली. डब्याने इंजिनाची शक्ती १० टक्क्यांनी वाढते असे मानले, तरी वाढ होते ती साडेसात अश्वशक्तीची, आणि तीही पूर्ण फेऱ्यांवर. तात्पर्य, एक टन जादा माल जे घेतो, तेवढेही डबा देऊ शकत नाही. शिवाय डबा इंजिनास लागतो, ब्रेकास लागत नाही. उतारावर तो जादा टन जुन्याच ब्रेकांनी आवरावा लागतो.

ओढ गेली कोठे?

पूर्वी बरी ओढणारी गाडी आता ओढत नसेल, तर तिची गेलेली शक्ती शोधावी. नवी विकत घेऊ नये. पुढील तपासणी या क्रमाने करावी.

१. हवेचा फिल्टर. ऊसवाहतुकीच्या हंगामात रस्त्यांवर धूळ फार असते. पुस्तिकेत दिलेल्या मुदतीची वाट न पाहता फिल्टर पाहावा व तुंबला असल्यास बदलावा.

२. डिझेल फिल्टर. त्यात साचलेले पाणी नियमितपणे काढावे. पाणी मिसळलेल्या डिझेलने पंप व इंजेक्टर दोन्ही खराब होतात.

३. टायरांतील हवा. कमी हवेमुळे घर्षण वाढते, डिझेल अधिक लागते व टायरही लवकर झिजतो. भरलेल्या गाडीचा व रिकाम्या गाडीचा हवेचा आकडा निराळा असू शकतो; तो पुस्तिकेत पाहावा.

४. ब्रेक. सपाट जागेवर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ढकलावी. जड जात असल्यास अथवा प्रवासानंतर एखादे चाक इतरांहून अधिक तापत असल्यास ब्रेक धरून राहत आहे, असे समजावे.

५. टर्बोच्या रबरी नळ्या. यांस बारीक चीर पडली तरी हवा निसटते, ओढ जाते व धूर काळा होतो. शिटीसारखा आवाज ही त्याची खूण होय.

६. क्लच. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, परंतु वेग वाढत नाही, असे होत असल्यास दोष क्लचचा असतो.

७. संवेदक व तारा. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून संगणकात नोंदलेले दोष वाचून घ्यावेत.

शेवटचा मुद्दा कुरुंदवाड परिसरास विशेष लागू आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोळ तालुक्यास महापुराने वेढले. पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाडीच्या तारांचे जोड पुढे कित्येक महिन्यांनीही गंजून संवेदकाचे मान चुकवू शकतात. अशा गाडीवर डबा बसविणे म्हणजे आधीच चुकीचे ऐकणाऱ्या संगणकास आणखी एक चुकीची बातमी देणे होय. जुनी गाडी विकत घेतानाही संवेदकापाशी मूळ तारांखेरीज निराळा जोड आहे काय, हे अवश्य पाहावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने ठरविलेल्या व नोंदणीपत्रात नमूद असलेल्या बाबींशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. धुराचे मान ओलांडल्यास कलम १९० आणि जादा भार वाहिल्यास कलम १९४ लागू होते. या शेवटच्या कलमात २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. याखेरीज गाडीची वॉरंटी नाकारली जाण्याचा व अपघातानंतर विम्याचा दावा अडण्याचाही धोका असतो. गाडी कर्जाची असल्यास हप्ता मात्र थांबत नाही.

परदेशातही हा प्रश्न लहान नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, त्यापूर्वीच्या सुमारे दहा वर्षांत तेथील साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांमधील धूरनियंत्रक यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. त्या धुराचा उपद्रव रस्त्यावरील प्रत्येक माणसास होतो. आपल्याकडे तर गाडी अंगणातच सुरू होते व तिच्या मागे शाळेस निघालेली मुले उभी असतात.

डबा बसविलेला असल्यास

ज्यांनी डबा आधीच बसविला आहे, त्यांनी घाबरून न जाता तो जाणत्या तंत्रज्ञाकडून काढून घ्यावा व मूळ जोड पूर्ववत करावा. नंतर इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर बदलावा, हवेच्या नळ्या व क्लच तपासावेत आणि स्कॅनरने दोष वाचून घ्यावेत. धूर काळाच येत राहिला, तर इंजेक्टरांची तपासणी करावी.

या भागात ऊसवाहतुकीमुळे वजनकाटे ठिकठिकाणी आहेत. त्यांचा उपयोग भाजीपाल्याच्या गाडीनेही करावा. नेहमीचा भार एकदा काट्यावर घालून नोंदणीपत्रातील आकड्याशी ताडून पाहावा. फरक आढळल्यास माल दोन खेपांत न्यावा, किंवा दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून मोठी गाडी ठरवावी. बैलाची ओढ कमी झाली, तर जाणता शेतकरी आधी त्याचे खूर, खांदा व दावणीतील वैरण पाहतो; चाबूक विकत आणावयास जात नाही. गाडीच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा.